गप्प बसवण्याची नोकरी

सोमवार, ४ ऑगस्ट

आजपासून मी मुकादम. सकाळी साबणाच्या पेट्या उचलत होतो, बोसोने, म्हणजे मालकाने, माळ्यावरून हाक मारली, वर गेलो आणि खाली उतरलो तो मुकादम होऊनच. मामाला कळवायला हवं. मागच्या महिन्यात त्याने बजावलं होतं, "मेसाके, मासेमारीची बोट सोडलीस, हॉटेल सोडलंस, उसाची गाडी सोडलीस. ही नोकरी गेली की डोंगरात माझ्याकडे यायचं, तारोचे कंद लावायचे आणि डुकरांशी गप्पा मारायच्या." मामाची डुकरं मला ओळखतात. स्वभावाने चांगली आहेत, पण आयुष्य काढण्याइतकी नाहीत.

काम असं आहे. बोसो हिरदय माळ्यावरच्या कचेरीत बसतो. माळ्याची जमीन फळ्यांची, फळ्यांमध्ये बोटबोट फटी. खाली आम्ही चटयांवर बसून खोबरेल तेलाचे साबण कापतो, कागदात गुंडाळतो, पेट्या भरतो. खालचा शब्द न् शब्द वर जातो, आणि बोसोला वाटतं की खालचं प्रत्येक हसू त्याच्यावरच असतं. निम्मं असतं. शुक्रवारी तो नांदीच्या मोठ्या हॉटेलातल्या खरेदीच्या बाईंना फोनवर सांगत होता की आमचा साबण बेटांच्या शांततेत तयार होतो, तसं कागदावर छापलेलंच आहे. नेमकं त्याच वेळी खाली जोनेने तोमासीच्या नाकाबद्दल काहीतरी काढलं आणि अख्खी शेड हसून आडवी झाली. बाईंनी विचारलं, तुमच्याकडे लग्न आहे का.

आता त्या बाई पंधरा तारखेला स्वतः येणार, शांतता बघायला. तोवर पाच हजार साबण तयार हवेत आणि शेड गप्प हवी. ऑर्डर हुकली तर गुंडाळायचं काम बोसो सुवा शहरातल्या मशीनवर देणार, म्हणजे आम्ही सगळेच घरी.

"बोसो, पण मीच का?"

"तू जग पाहिलेला आहेस," तो म्हणाला. "आणि तुझं बोलणं लोक ऐकतात. निदान त्यांना ऐकावं तरी लागतं."

चांगला माणूस आहे.

मंगळवार, ५ ऑगस्ट

आज शांततेवर चार शब्द बोललो. सांगायचं एवढंच होतं की हात चालू, तोंड बंद. पण असं एकदम सांगितलं की माणसाला लागतं, म्हणून थोडं मागून सुरुवात केली. टुना माशांच्या बोटीवरचा आमचा कप्तान आठवडा आठवडा बोलायचा नाही ते सांगितलं. त्यावरून शार्क निघाला, शार्कवरून सुव्यातला दातांचा डॉक्टर, आणि डॉक्टरवरून त्याच्या दारात झोपणारं ते तीन पायांचं कुत्रं. मुद्द्यावर येतच होतो, तेवढ्यात चहाची वेळ झाली. सकाळभरात एकही पेटी भरली नाही. या लोकांना ऐकताना हात चालवता येत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं.

शेवटी मेरेओनी म्हणाली, "मुकादम, गप्प कसं बसायचं ते समजलं. आता एकदा करून दाखव."

ही मेरेओनी कागद चिकटवते. तिचं सगळं लक्ष माझ्या चुकांवर असतं. आज म्हणाली, कमरेचा सुलू उलटा नेसलायस. बघितलं, तर खरंच उलटा होता. बोटीवर कुणी मला असं काही सांगायचं नाही.

बुधवार, ६ ऑगस्ट

रेडिओ आणला. गाणं चालू असलं की माणूस ऐकतो, बोलत नाही, असा हिशेब. पण ही माणसं ऐकत नाहीत, गातात. तोमासीने वरचा सूर धरला, जोनेने खालचा, शेडमधली सगळ्यात म्हातारी सेरुवाइया आजी मधला सूर घेऊन बसली आणि म्हणाली, मधल्याला माणसं कमी पडतायत, कागदवाल्यांनी इकडे या. सगळे कागदवाले तिकडे गेले. मीही गेलो, कारण मधला सूर खरोखरच कमजोर होता. बोसो जिना उतरला तेव्हा मी हात वर करून सगळ्यांना थांबवत होतो, पण त्याला वाटलं मी ताल देतोय.

देतही होतो थोडा.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

कामाच्या वेळी जो बोलेल त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी खायला आणायचं, असा दंड काल लावला होता. आज सगळ्यांनी आणलं. नारळाच्या दुधात शिजवलेली तारोची पानं, कसाव्याचे उकडलेले कंद, भाजलेला मासा. बोसोच्या बायकोनेसुद्धा रोट्या आणि बटाट्याची भाजी पाठवली, कारण काल बोसो वरून ओरडला होता आणि जोनेने तेही धरलं. जेवून सगळे चटयांवर लवंडले. शेडमध्ये अशी शांतता मी आजवर पाहिली नव्हती. पण साबण कुणी गुंडाळत नव्हतं.

बोसो म्हणाला, "मेसाके, एक आठवडा उरलाय. नाहीतर तू आणि तुझ्या मामाची डुकरं."

मी त्याला डुकरांचं कधी सांगितलं? मी फार कमी बोलतो त्याच्याशी.

रविवार, १० ऑगस्ट

सापडलं.

रविवारची प्रार्थना आटोपून देवळातून आल्यावर सेरुवाइया आजीने जेवायला बोलावलं होतं. जोने तिचा जावई. शेडमध्ये दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणारा हा एवढा धिप्पाड माणूस सासूच्या दारातून वाकून आत आला आणि कोपऱ्यात मान खाली घालून बसला. एक अक्षर नाही. आजी त्याच्या बायकोला, म्हणजे आपल्या मुलीला म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला सांग, मासा घे म्हणावं." जोने म्हणाला, "तुझ्या आईला सांग, पोट भरलं." दोघांच्या मध्ये हातभर अंतर होतं.

मी सुव्यात वाढलो. तिथे बसमध्ये सासू जावयाच्या मांडीवर बसायची वेळ येते, त्यामुळे या गोष्टी सैल झाल्यात. इकडे खेड्यात अजून पक्क्या आहेत. जावई सासूशी बोलत नाही. मोठं झालं की भाऊ बहिणीशी थेट बोलत नाही, आणि आमच्यात चुलत म्हणजे सख्खंच. उलट आते-मामे भावंडं भेटली की एकमेकांची टर उडवायची, नाही उडवली तर काही बिनसलं का म्हणून लोक विचारतात. तोमासीची आई ही जोनेची आत्या. आणि शेडमध्ये ते दोघं मांडीला मांडी लावून बसतात. मग होणार काय?

म्हणजे चूक माणसांची नाही, जागांची आहे. जोनेला सासूजवळ बसवायचं. तोमासीला मेरेओनीजवळ, ती त्याची चुलत बहीण. खलास.

या आनंदात आजीच्या प्रश्नांकडे माझं नीट लक्ष नव्हतं. तिने विचारलं, "पोरा, तू मूळचा कुठला?" म्हटलं, सुव्याचा. "सुव्याचं मूळचं कुणी नसतं," ती म्हणाली. मग सांगितलं, नातेवा खाडीच्या पलीकडे देवळाला लागून जे घर आहे ना, त्यातले आम्ही, वडिलांकडून. मेरेओनी शेजारच्या आपल्या घरातून आंबाडीची पानं घेऊन आली होती, ती दारातच थांबली.

"ते आमचं मूळचं घर आहे," ती म्हणाली.

आजीने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि "हं" म्हणाली. मेरेओनी पानं ठेवून न बोलता गेली. मासा उत्तम झाला होता.

सोमवार, ११ ऑगस्ट

शेड गप्प. कागदाची सळसळ ऐकू येते. बोसो दोनदा खाली येऊन गेला, सगळे पळून गेले की काय ते बघायला. दुसऱ्यांदा त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

आजीची चटई साबण ठेवायच्या मागच्या मांडणीला टेकून टाकली आणि जोनेची तिच्यासमोर. आजी त्याच्याकडे बघत नाही, तो तिच्याकडे बघत नाही. तोमासी आणि मेरेओनी पाठीला पाठ लावून बसलेत. मेरेओनी तर माझ्याशीही बोलत नाही. समोरून गेलो की नजर खाली. शिस्त एकदा लागली की अशी सगळीकडे पसरते.

मंगळवार, १२ ऑगस्ट

पाय दुखतात आणि घसाही.

साबणाच्या कामात एकमेकांना सारखं काहीतरी सांगावं लागतं, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आजीला साबणाच्या वड्या हव्या असल्या की ती मला हाक मारते. "पोरा, त्या जावयाला सांग, वड्या जाड येतायत." मी जोनेला सांगतो, दोघांच्या मध्ये उभा राहून, आणि दोघांनाही माझ्याआधी ऐकू आलेलं असतं. जोने म्हणतो, "मेसाके, त्यांना सांग, कापायची तार ढिली झालीय." आजी म्हणते, "त्याला सांग, मग घट्ट कर." तिकडून तोमासी, "मेसाके, तिला सांग, डिंक संपला." मेरेओनीचं तर त्याहून अवघड. ती माझ्याशी बोलत नाही, म्हणून ती आजीला सांगते, आजी मला सांगते, आणि मी तोमासीला सांगतो की डिंक त्याच्याच मांडीखाली आहे.

संध्याकाळी बोसो वरून म्हणाला, "मेसाके, सगळे गप्प आहेत. दिवसभर एकच माणूस बडबडतोय. शोधून काढ कोण ते."

उद्या शोधतो.

बुधवार, १३ ऑगस्ट

आवाज घोगरा झालाय. पण साबणाचं काम पुढे गेलं, निम्म्याहून जास्त पेट्या भरल्या. जोने आता दारापाशी असलेल्या मांडणीवरून साबण घेतो. मागच्या मांडणीसमोर सासू बसलेली, तिच्या डोक्यावरून हात कसा घालणार, वाईट दिसतं ते. दारापाशी सोपं पडतं.

दुपारी आजीने मला बोलावून सांगितलं की जोनेला मांडणीचं काहीतरी सांग, महत्त्वाचं आहे, लगेच सांग. मी निघालोच होतो, पण वाटेत बोसोचा पाहुणा भेटला. तोही टुना बोटीवर होता, मी होतो त्याच्या आदल्याच वर्षी. जग किती लहान असतं. त्याचा कप्तानही तोच. मग आम्ही त्या कप्तानाच्या मांजरापर्यंत गेलो. आजीचं काय होतं ते आठवलं की सांगेन.

मेरेओनीने आजही काही म्हटलं नाही. मुद्दाम सुलू उलटा नेसून तिच्यासमोरून तीन वेळा गेलो. तिने मान वर केली नाही. सगळं मनासारखं चाललंय, तरी शेड मोठी झाल्यासारखी वाटते.

गुरुवार, १४ ऑगस्ट

दारापाशी असलेल्या मांडणीवर नवे साबण असतात. ओले. महिनाभर वाळल्याशिवाय ते गुंडाळायचे नसतात. आजीचं तेच सांगणं होतं.

सकाळी बोसोने पेटी उघडली आणि साबण हातात धरला तर त्याचं बोट आत गेलं. कागद अंगाला घामेजलेल्या सदऱ्यासारखा चिकटलेला. त्याने दुसरी पेटी उघडली, मग तिसरी. ओरडला असता तर बरं झालं असतं. पण तो खालच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "उद्या बाई येणार."

मी बोलायला गेलो तर घशातून नुसती हवा आली. दोन दिवसांचे निरोप बाधले.

आजी उठली. "पोरा, सगळ्यांना सांग, आपापल्या जुन्या जागी बसा." मला सांगता येईना, म्हणून मी चटया धरून ओढायला लागलो, माणसांसकट. तोमासी चटईवरून घसरत जोनेच्या शेजारी जाऊन थांबला. जोनेने त्याच्याकडे पाहिलं. चार दिवसांचं साचलेलं होतं.

"अरे, हे नाक अजून इथेच आहे? मला वाटलं होतं, ओरबाडून निघालं."

"तुझी बायको म्हणाली, घरात चार दिवस शांतता आहे. मी म्हटलं, सासूबाईंची कृपा."

झालं. शेड परत सुरू झाली. मागची मांडणी मोकळी झाली, वाळलेल्या वड्या धडाधड यायला लागल्या, ओले साबण सोलून परत वाळत पडले. एकाचं सांगून झालं की दुसरा सुरू करत होता, आणि हात त्याच तालावर चालत होते. माळ्यावर बोसोच्या पायांचा आवाज येत होता, इकडून तिकडे, पण तो खाली आला नाही.

दुपारनंतर माझी पाळी आली. घसा बसलेला, तरी कुजबुजत सांगितलं, आणि ऐकायला सगळे पुढे झुकले. माझ्या आजीची गोष्ट. तिचे भाऊ तिचं लग्न दुसरीकडे ठरवत होते, तर ती होडीत एकटी बसली आणि खाडी ओलांडून आमच्या आजोबांच्या दारात येऊन म्हणाली, आलेय, भात टाका. भात नव्हताच, कसावा होता, ते वेगळं.

सेरुवाइया आजीचा हात थांबला. "कुठून ओलांडली खाडी?"

"त्या देवळाजवळच्या घरातून. रविवारी सांगितलं ना."

"ती त्या घरातली मुलगी? लग्न करून बाहेर गेलेली?"

"हो."

"मग रविवारी 'वडिलांकडून' म्हणालास ते काय होतं?"

"वडिलांची आई वडिलांकडूनच असते ना, आजी."

आजीने डोळे मिटले. "म्हणजे हिच्या आजोबांची बहीण ती तुझी आजी. चार दिवस मी तुला हिच्या आजोबांच्या भावाचा नातू, म्हणजे चुलत भाऊ धरून बसले होते."

त्यात एवढं काय, मला कळलं नाही. पण मेरेओनीने रविवारनंतर पहिल्यांदा मान वर केली आणि थेट माझ्याकडे पाहिलं.

"एवढं नीट सांगता येत नव्हतं? मासा ताटातून पळून जाणार होता का? आणि तो सुलू सरळ नेस, कालपासून सांगायचं राहिलंय."

सगळे इतके हसले की आजीच्या मांडीवरच्या वड्या खाली पडल्या. जोनेने माझ्या पाठीत धपका घातला. मला तिला सणसणीत उत्तर द्यायचं होतं, चांगलं सुचलंही होतं, पण आता कुजबुजही निघेना. तोंड उघडं ठेवून बसलो. ती म्हणाली, "बघा, टुना." मला फार बरं वाटलं. कशाने ते शोधायला वेळ नव्हता, दिवे लागले तेव्हा अजून पेट्या राहिल्या होत्या.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

बाई आल्या तेव्हा शेवटच्या पेट्या बांधणं चालू होतं. बोसो त्यांना आणायला धक्क्यावर गेला होता, त्यामुळे गप्प बसायची सूचना द्यायला कुणी नव्हतं, आणि माझा आवाज तर नव्हताच. दारातून त्यांच्या कानावर पहिलं वाक्य पडलं ते जोनेचं, तोमासीच्या पोहण्याबद्दल. लिहिण्यासारखं नाही.

बोसोने डोळे मिटून घेतले.

बाईंचं नाव अकानिसी, केस आवळून बांधलेले, पायात उंच टाचा. त्यांनी शेडभर नजर फिरवली आणि विचारलं, "शांततेत तयार होतो तो साबण हाच का?"

आजीने शेजारची चटई थोपटली. "बाई, उभ्या का? बसा. तुम्ही मूळच्या कुठल्या?"

बाई म्हणाल्या, नांदीच्या. आजी म्हणाली, नांदीचं मूळचं कुणी नसतं. बाई हसल्या, टाचा काढून खाली बसल्या, आणि त्यांच्या आजीचं गाव निघेपर्यंत त्यांनी पंधरा-वीस साबण गुंडाळून टाकले होते. एका साबणावर अंगठ्याचा ठसा सापडला, तो त्यांनी बाजूला काढला.

"हा कुणाचा?"

"तो मुकादमाचा," तोमासी म्हणाला. "त्याला काम करताना आम्ही कधी पाहिलेलं नाही, म्हणून ओळखू येतो."

ऑर्डर पक्की झाली. दर तीन महिन्यांनी. फक्त कागदावरचं ते शांततेचं वाक्य काढा, असं बाई म्हणाल्या, खोटं छापलेलं हॉटेलला चालत नाही. बोटीवर चढताना त्यांनी बोसोला सांगितलं की हसण्याच्या गोष्टी सांगणाऱ्या त्या माणसाला पुढच्या वेळी सुट्टी देऊ नका. बोसोने हो म्हटलं. जोने संध्याकाळपर्यंत कॉलर वर करून फिरत होता, त्याच्या शर्टाला कॉलर नसताना.

मग बोसोने मला वर बोलावलं. म्हणाला, खालचं सगळं ठीक आहे, फक्त तू वर ये. सोमवारपासून मी माळ्यावर बसून दुकानांना आणि हॉटेलांना फोन करायचे, मनसोक्त बोलायचं, तेच काम. खाली मुकादम मेरेओनी. मी विचारलं, म्हणजे कागदावर लिहून विचारलं, ही बढती आहे ना. बोसो म्हणाला, "सगळ्यांसाठी." मामाला आता नक्की कळवायला हवं. डुकरांना त्यानेच सांगावं.

शनिवार, १६ ऑगस्ट

आवाज अजून नाही. आज बाजारात मेरेओनी भेटली आणि कसाव्याच्या ढिगापासून बस येईपर्यंत माझी खेचत राहिली. मी एकाही गोष्टीला उत्तर देऊ शकलो नाही. ती म्हणाली, असा बरा दिसतोस. सोबत तोमासी होता, तो बहिणीकडे न बघता माझ्याकडे बघत होता. जाताना "येतो मेव्हणे" म्हणाला. तो कुणालाही काहीही म्हणतो.

सेरुवाइया आजीने बसच्या खिडकीतून विचारलं, "तुझा मामा उद्या घरी असतो ना?" मी मान हलवली.

"मग त्याला म्हणावं, देवळानंतर आमच्या शेजारच्या घरी ये. आणि रिकाम्या हाताने येऊ नकोस."

मेरेओनी त्या वेळी आजीच्या पलीकडे बसली होती. ती समुद्राकडे बघत होती, आणि तिकडे बघण्यासारखं काहीच नव्हतं, ओहोटी होती.

मामाला तारोची दोन पोती आणायला सांगतो. शेजाऱ्यांचा तारो संपला असणार.